र्‍योकानचे पैसे मोजण्याआधी

जपानच्या सहलीत सगळ्यात महाग रात्र बहुतेक वेळा र्‍योकानची, म्हणजे पारंपरिक जपानी निवासाची असते, आणि परतल्यावर सगळ्यात जास्त कुरकुरही तिच्याचबद्दल ऐकू येते. ‘एवढे पैसे मोजले आणि झोपायला जमिनीवर गादी.’ ‘जेवणात आमच्या खाण्यासारखं काही नव्हतंच.’ ‘फोटोत बाग होती, आम्हाला मागची भिंत मिळाली.’ तक्रारी खोट्या नसतात. मात्र यातल्या बहुतेक गोष्टी बुकिंगच्या पानावर आधीच छापलेल्या असतात. त्या कुठे असतात आणि कुठल्या शब्दांत लिहिलेल्या असतात, एवढं कळलं की निम्मी निराशा टळते. उरलेली निम्मी एका ईमेलने टळते. त्या दोन्हींची ही माहिती.

पैसे नेमके कशाचे?

हॉटेलात आपण खोलीचं भाडं देतो. र्‍योकानचा दर बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. पानावर २२,००० येन दिसले तर दोघांचे ४४,००० होतात, म्हणजे सध्याच्या भावाने पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. त्यावर गरम झऱ्यांच्या गावी माणशी साधारण १५० येनचा स्नानकर आणि क्योतोसारख्या शहरांत निवास कर. तीन-चार जणांनी एकच खोली घेतली की माणशी दर थोडा उतरतो, पण आपल्याकडच्यासारखं ‘एक जादा गादी टाका, भागेल’ असं तिथे होत नाही. प्रत्येक माणूस म्हणजे दोन जेवणं आणि एक अंथरूण. मुलांचा दरही त्यांना जेवण हवं की नको, वेगळी गादी हवी की नको, यावरून ठरतो. एकटा प्रवासी असेल तर पुष्कळ ठिकाणी जास्त दर लागतो आणि शनिवारी तर काही जण एकट्याला खोलीच देत नाहीत.

आता वेळापत्रक पाहा. दुपारी तीनला खोली मिळते. चहा, मग गरम पाण्याचं स्नान, सहा-साडेसहाला जेवण, जेवून येईपर्यंत खोलीत गाद्या घातलेल्या, झोपण्याआधी वाटलं तर पुन्हा स्नान. सकाळी आठच्या सुमाराला न्याहारी आणि दहाला खोली सोडायची. म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशांचा मोठा हिस्सा दुपारी तीन ते रात्री नऊ या सहा तासांत वसूल व्हायचा असतो. दिवसभर ओसाका फिरून रात्री आठला पोचणाऱ्याने जेवणाचे पैसे दिलेले असतात, पण स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. ‘रात्रीच्या जेवणासाठी सहाच्या आत या’ अशी ओळ बुकिंगमध्ये असते आणि ती तंतोतंत पाळली जाते. उशीर झाला म्हणून ताट झाकून ठेवण्याची पद्धत नाही, परतावाही मिळत नाही.

म्हणून पहिला नियम: र्‍योकानच्या दिवशी दुपारनंतर दुसरं काहीही ठेवू नका. तोक्योच्या शिंजुकूहून हाकोने-युमोतोला थेट गाडीने दीड तास लागतो, पण तिथून वर डोंगरात जायला पुन्हा छोटी रेल्वे किंवा बस असते. ओसाकाहून किनोसाकीला पावणेतीन तास धरा. क्युशूतल्या कुरोकावाला जायचं तर बसच्या फेऱ्याच मोजक्या असतात. स्टेशनवरून न्यायला र्‍योकानची गाडी येते का, तिची शेवटची फेरी किती वाजता, आणि ती आधी सांगून ठेवावी लागते का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

मोठ्या बॅगा सोबत नेऊ नका. जपानी कुरिअर सेवा सामान एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पोचवते. ते साधारण दुसऱ्या दिवशी मिळतं. एका रात्रीपुरती छोटी पिशवी पुरते, कारण घालायला युकाता म्हणजे सुती झगा, टॉवेल, दात घासायचा ब्रश हे बहुतेक ठिकाणी खोलीत मिळतं.

पाटी एकच, आत पाच तऱ्हा

जपानमध्ये १९४८ च्या कायद्यानुसार हॉटेल आणि र्‍योकान यांचे परवाने वेगवेगळे असत. २०१८ मध्ये ते एकत्र झाले. तेव्हा दारावर ‘र्‍योकान’ लिहिलंय यावरून आत काय मिळेल याची हमी मिळत नाही. ढोबळमानाने पाच प्रकार ओळखता यायला हवेत.

पहिला, सगळ्यांच्या मनात असतो तो: जुनं लाकडी घर, दहा-पंधरा खोल्या, पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे, सगळा कारभार पाहणारी मालकीण म्हणजे ओकामी, आणि खोलीत जेवण आणून वाढणारी नाकाई. क्योतोचं हिइरागिया १८१८ पासून चालू आहे. असे र्‍योकान उत्तम असतात आणि त्यांचे दरही तसेच असतात. पण नुसत्या वयावर भाळू नका. यामानाशीतलं केइउनकान इसवी सन ७०५ मध्ये सुरू झालं आणि जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. त्याची आजची इमारत मात्र आधुनिक आहे. परंपरा जुनी असणं आणि भिंती जुन्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

दुसरा प्रकार मोठ्या काँक्रीटच्या इमारतींचा. जपानची भरभराट चालू होती तेव्हा कंपन्यांच्या सहली बसगाड्या भरभरून गरम झऱ्यांच्या गावी यायच्या. त्यांच्यासाठी दीडशे-दोनशे खोल्यांचे र्‍योकान उभे राहिले. १९९० च्या दशकात पैशाचा फुगा फुटला, सहली आटल्या. तोचिगीतल्या किनुगावाला नदीकाठी आजही ओस पडलेल्या अशा इमारती दिसतात. १९८० च्या दशकात देशात ऐंशी हजारांच्या आसपास र्‍योकान होते. २०१० चं दशक संपेपर्यंत ते चाळीस हजारांच्याही खाली आले. जे टिकले त्यांतले काही नीट सांभाळलेले आहेत, काही नुसते तग धरून आहेत.

‘र्‍योकानने निराशा केली’ म्हणणारे बरेच जण या तग धरलेल्यांपैकी एखाद्यात उतरलेले असतात. लिफ्टमधून बाहेर पडलं की लांबच लांब बोळ, पायाखाली डाग पडलेला गालिचा, कोपऱ्यात बिअरचं व्हेंडिंग मशीन. खोलीत चटया आहेत, पण उन्हाने पिवळ्या पडलेल्या. पडद्याला जुन्या सिगारेटचा वास. जेवण दोन पाळ्यांत, साडेपाच किंवा साडेसात. सभागृहाएवढ्या खोलीत टेबलांवर खोल्यांचे आकडे ठेवलेले, तुमच्या आकड्यापुढे ताट आधीच मांडून झालेलं. तेंपुरा गार. कागदी वाटीखाली मेणाची वडी पेटवून दिली की पाच मिनिटांत भाज्या-मांस शिजतं, तेवढंच काय ते गरम. यात फसवणूक कुठेच नाही. माणशी दहा-बारा हजार येनमध्ये, तेही शनिवारी, एवढंच बसतं. दर बघतानाच हे ओळखायला हवं.

तिसरा प्रकार मिनशुकू. मालवण-तारकर्लीला घरगुती राहण्याजेवण्याची सोय असते तसाच हा. स्वच्छ, साधं, मालकाच्या घरचं जेवण. शौचालय आणि न्हाणीघर बहुधा सामायिक. गादी आपली आपण घालायची. चौथा शुकुबो, म्हणजे देवळातला मुक्काम. त्याबद्दल जेवणाच्या भागात सांगतो. पाचवा, तोक्योच्या आसाकुसासारख्या भागात किंवा क्योतो स्टेशनजवळ चटईच्या खोल्या भाड्याने देणारी छोटी हॉटेलं. जेवण नाही, झरा नाही, पण जमिनीवरच्या गादीवर झोपून बघायचं असेल तर हे स्वस्तात होतं. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने एक रात्र इथे काढली की महागड्या र्‍योकानवर खर्च करायचा की नाही, याचा अंदाज येतो.

खोली: छोट्या अक्षरांतल्या ओळी

पानाच्या माथ्यावरचा फोटो त्या र्‍योकानच्या सगळ्यात चांगल्या खोलीचा असतो. तुमची खोली कुठली, ते खाली योजनेच्या तपशिलात असतं. तिथे पुढच्या गोष्टी शोधा.

इमारत कुठली? होंकान म्हणजे मूळ इमारत, शिनकान नवी, बेक्कान म्हणजे वेगळी पुरवणी इमारत. फोटो होंकानचा आणि स्वस्त योजना बेक्कानची, असं सर्रास असतं. ‘ओमाकासे’ किंवा ‘खोली आम्ही ठरवू’ असं लिहिलेली योजना स्वस्त असते, कारण उरलेली खोली तुमच्या वाट्याला येते. बागेकडची, नदीकडची किंवा समुद्राकडची खोली हवी असेल तर तसं नाव घेतलेलीच योजना निवडा. नंतर विनंती करून ती मिळेल या भरवशावर राहू नका.

आकार केवढा? खोली चटयांत मोजतात. एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. आठ चटयांची खोली म्हणजे एकशे चाळीस चौरस फुटांच्या आसपास. दोघांना ऐसपैस, चौघांना गाद्या घातल्यावर पाय ठेवायला जागा नाही.

शौचालय खोलीत आहे का? जुन्या, सुंदर र्‍योकानांतही काही खोल्यांना ते नसतं आणि रात्री बोळाच्या टोकापर्यंत जावं लागतं. खोलीत न्हाणी नसणं मात्र अगदी सामान्य आहे, कारण स्नान खाली मोठ्या हौदात करायचं असतं.

गुडघे काय म्हणतात? साठी ओलांडलेले आई-वडील सोबत असतील तर हा प्रश्न सगळ्यात वर ठेवा. जमिनीवरून उठणं, बसकं टेबल, लिफ्ट नसलेले दोन मजले, हे एका रात्रीत अंगावर येतं. बुकिंगमध्ये ‘वायोशित्सू’ असा प्रकार शोधा: चटईची बैठक आणि शेजारी पलंग. जेवायला टेबल-खुर्चीची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे, पण आधी कळवावं लागतं.

सिगारेटचं काय? २०२० पासून जपानमध्ये इमारतींच्या आत धूम्रपानावर कडक निर्बंध आले, पण मुक्कामाच्या खोल्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणून ‘किन्एन’, म्हणजे धूम्रपानमुक्त, हा शब्द खोलीच्या वर्णनात असायलाच हवा.

आणि थंडी-आवाज? खऱ्या लाकडी घरात कागदी सरकत्या दारांतून शेजाऱ्याचं खोकणं ऐकू येतं आणि जानेवारीत बोळ गार पडतात. ही त्या घराची जात आहे. ज्याची झोप सावध असते त्याने नवी इमारत घ्यावी आणि जुनं घर दिवसा बघावं.

जेवण: इथेच आपली माणसं अडतात

दराचा मोठा भाग जेवणात असतो आणि शाकाहारी माणसाची सगळ्यात मोठी निराशाही तिथेच होते. कारण समजून घेतलं तर उपाय सापडतो.

काइसेकी, म्हणजे र्‍योकानच्या अनेक पदार्थांच्या जेवणाचा पाया दाशी हा रस असतो आणि तो बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनितो माशाच्या कीसापासून काढतात. तो फक्त सूपमध्ये नसतो. भाजी शिजते त्यात, तेंपुऱ्याबरोबरच्या पाण्यात, अंड्याच्या चवानमुशीत, मिसो सूपमध्ये, न्याहारीच्या गोडसर अंड्याच्या वळकटीतही तोच असतो. आयत्या वेळी ‘आम्ही शाकाहारी’ म्हणालात तर स्वयंपाकी ताटातून मासा काढून घेतो, रस तसाच राहतो. समोर येतं ते असं: थंडगार तोफूचा चौकोन, त्यावर गुलाबीसर पापुद्रे. तेच कात्सुओबुशी. वाटीतली भाजी खाण्यासारखी दिसते, पण ती त्याच रसात शिजलेली. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याच्या पाकिटातल्या सॉसमध्येही बहुधा मासा. खात्रीचा उरतो तो भात. बावीस हजार येनला.

म्हणून ‘व्हेज’ हा शब्द पुरत नाही. काय चालत नाही त्याची यादी द्यावी लागते, आणि ती बुकिंग करतानाच. चांगला र्‍योकान बाजार आणि मांडणी काही दिवस आधी ठरवतो. काहीजण कोंबू समुद्रशेवाळ किंवा शिताके मशरूमचा रस वापरून संपूर्ण वेगळं जेवण बनवतात, काही त्याचे जास्त पैसे घेतात, आणि पुष्कळ जण स्पष्ट कळवतात की जमणार नाही. मासे चालत असतील पण गोमांस नको असेल, तरी सांगायलाच हवं. डोंगरातल्या र्‍योकानांत स्थानिक वाग्यू गोमांस हा जेवणाचा मानाचा पदार्थ असतो. हिवाळ्यात किनोसाकीसारख्या जपान समुद्राच्या काठच्या गावी नोव्हेंबर ते मार्च खेकड्यांचा हंगाम असतो आणि दर चढतात. खेकडा खाणार नसाल तर त्या चढ्या दराचा तुम्हाला काही उपयोग नाही, मे-जूनमध्ये जा.

शाकाहारी मंडळींसाठी दोन वाटा चांगल्या आहेत. पहिली, देवळातला मुक्काम. वाकायामातल्या कोयासान या डोंगरावर कूकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ मध्ये शिंगोन पंथाचं केंद्र उभारायला सुरुवात केली. आज तिथली पन्नासच्या आसपास मंदिरं पाहुण्यांना ठेवून घेतात. जेवण शोजिन र्‍योरी: मांस-मासे नाहीत, परंपरेने कांदा-लसूणही नाही, रस कोंबू-शिताकेचा. तिळाचा गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफू, ऋतूतल्या भाज्यांचा तेंपुरा. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातल्या माणसालाही इथे पोटभर जेवता येतं. कंदमुळं वर्ज्य असतील तर मात्र कळवा, कारण मुळा, गाजर, कमळकाकडी भरपूर असते. पहाटे मंदिरातल्या प्रार्थनेला बसता येतं. ओसाकाच्या नांबाहून रेल्वे, केबल कार आणि बस असा दोन-अडीच तासांचा प्रवास. मात्र इथे जेवण लवकर, दारं लवकर बंद, हिवाळ्यात कडाक्याची थंडी, आणि बऱ्याच ठिकाणी न्हाणीघर सामायिक. आरामाची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

दुसरी वाट, ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय मुक्काम, किंवा फक्त न्याहारीची योजना. खोली, चटई, गरम झरा मिळतो आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे वाचतात. जेवणाची सोय बाहेर आहे का ते आधी पाहा. डोंगरातल्या गावांत दुकानं संध्याकाळीच बंद होतात. खोलीत गरम पाण्याची किटली किंवा थर्मास असतो, त्यावर उपम्या-पोह्यांचं पाकीट होतं. थेपले आणि चटणी आहेतच. मांस असलेले पदार्थ किंवा ताजी फळं-भाज्या तपासणीच्या कागदपत्रांशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि बंद खोलीत उग्र वासाचा मसाला तापवू नका. चटई वास धरून ठेवते आणि त्याची साफसफाई तुमच्या बिलात येऊ शकते.

गरम पाणी: खरं किती, उघडं किती

जपानच्या १९४८ च्या ओनसेन कायद्याप्रमाणे उगमाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान असलेलं, किंवा ठरावीक १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असलेलं पाणी ‘ओनसेन’ ठरतं. म्हणजे थंड झऱ्याचं पाणी तापवूनही ते ओनसेन होऊ शकतं. २००४ मध्ये काही ठिकाणी पाण्यात रंग आणणारी पूड मिसळल्याचं उघड झालं आणि पुढच्या वर्षीपासून साधं पाणी मिसळलं आहे का, तापवलं आहे का, तेच पाणी गाळून फिरवलं आहे का, काही घातलं आहे का, हे स्नानगृहाशी लिहिणं बंधनकारक झालं. ‘गेन्सेन काकेनागाशी’ असं लिहिलं असेल तर झऱ्याचं पाणी सतत वाहतं आणि बाहेर जातं. ‘जुंकान’ म्हणजे तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलेलं. त्यात क्लोरीनचा वास येऊ शकतो. पाण्यासाठीच जाणार असाल तर हा फरक महत्त्वाचा. तसं नसेल तर फिरवलेल्या पाण्यातही प्रवासाचा शीण जातो.

आपल्याकडच्या पाहुण्यांची खरी अडचण वेगळी असते. हौदात कपडे घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पुरुष-स्त्रियांची स्नानगृहं वेगळी असतात, पण अनोळखी माणसांबरोबर उघड्याने उतरायचं, या विचारानेच बरेच जण खोलीत बसून राहतात आणि मग ‘तिथे काही नव्हतं’ म्हणतात. यावर ‘काशिकिरी’ स्नान हा उत्तम तोडगा आहे: पाऊण तासाच्या आसपास एक छोटा हौद फक्त तुमच्या कुटुंबासाठी. कुठे फुकट, कुठे दोन-तीन हजार येन. वेळा पटापट भरतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच किंवा पोचल्याबरोबर नोंद करा. खोलीला जोडून स्वतःचा हौद असलेल्या खोल्याही मिळतात, पण त्यांचा दर बराच वर जातो.

गोंदण असेल तर आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी सामायिक हौदात मनाई आहे, काशिकिरीत नाही. हौदात उतरण्याआधी बसून साबणाने अंग धुवायचं, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. आणि सकाळी दारावरचा पडदा नीट पाहा: बऱ्याच ठिकाणी रात्रीतून पुरुष-स्त्रियांच्या स्नानगृहांची अदलाबदल करतात. निळा बहुधा पुरुषांचा, लाल स्त्रियांचा.

गाव निवडतानाही याचा विचार करता येतो. किनोसाकीत सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि गावात उतरलेल्या पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो. लोक युकाता घालून, लाकडी खडावा वाजवत एकातून दुसऱ्यात जातात. अशा गावी साधा, स्वस्त र्‍योकानही चालतो, कारण करमणूक बाहेर आहे. कुरोकावात लाकडी बिल्ला विकत घेतला की तीन वेगवेगळ्या र्‍योकानांच्या हौदांत जाता येतं. याउलट डोंगरात एकट्याच असलेल्या र्‍योकानात सगळी संध्याकाळ त्या चार भिंतींतच जाते. तिथे खोली आणि जेवण यांवर कंजुषी करू नका.

अभिप्राय आणि तारखा

इंग्रजीतले अभिप्राय बहुधा ‘माणसं फार प्रेमळ’ यावर थांबतात. जपानी पाहुण्यांसाठीच्या जालान आणि राकुतेन ट्रॅव्हल या संकेतस्थळांवर खोली, स्नान, जेवण, सेवा, स्वच्छता यांना वेगवेगळे गुण दिलेले असतात. मोबाइलवर भाषांतर करून ते वाचा. एकूण गुण चारच्या वर असूनही स्वच्छता किंवा रात्रीचं जेवण मागे पडलेलं दिसलं, तर तेच तुमच्याही वाट्याला येईल. तक्रारींना मालकाने दिलेली उत्तरंही वाचा. ‘चटया अमुक महिन्यात बदलत आहोत’ असं लिहिणारा आणि ठोकळेबाज माफी मागणारा, यांत फरक आहे.

तारखांबाबत: शनिवार, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची गोल्डन वीकची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन सण, नववर्ष आणि क्योतोच्या परिसरात नोव्हेंबरची लाल पानं, या दिवसांत तीच खोली बऱ्याच जास्त दराने मिळते आणि नोकरवर्ग दमलेला असतो. रविवार ते गुरुवार जा. त्याच पैशांत एक पायरी वरची खोली मिळते.

सहल कंपनीबरोबर जात असाल आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक जपानी निवास’ एवढंच लिहिलं असेल, तर नाव लेखी मागा. खोलीत किती जण, शौचालय आत आहे का, जेवण र्‍योकानचं की कंपनीचं, आणि तिथे पोचायची वेळ काय, एवढं विचारा. ‘संध्याकाळी सातला पोचू’ असं उत्तर आलं तर र्‍योकान नावापुरताच आहे असं समजा.

तिथे पोचल्यावर मन खट्टू झालं तर

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. चटई, गादी, बसकं टेबल, लवकरचं जेवण, पातळ भिंती यांबद्दल भांडून उपयोग नाही. ते ठरलेलंच होतं. पण धूम्रपानमुक्त खोली मागूनही वास येतोय, नदीकडची खोली लिहिली असून भिंत दिसतेय, कळवूनही ताटात मासा आलाय, खोली अस्वच्छ आहे, हीटर चालत नाही, या गोष्टींची तक्रार तुमच्या हक्काची आहे.

त्या लगेच सांगा. साडेतीन-चारला सांगितलं तर दुसरी खोली मोकळी असू शकते; गाद्या घातल्यावर, स्वयंपाक झाल्यावर हात बांधलेले असतात. सकाळी निघताना तक्रार केली तर फक्त माफी मिळते. खाली जाऊन, आवाज न चढवता, बुकिंगचा कागद दाखवून बोला: ‘सुमिमासेन, हेया ओ काएते इतादाकेमासु का?’ म्हणजे ‘माफ करा, खोली बदलून मिळेल का?’ समोरून ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट राहिलं, तर त्याचा अर्थ बहुधा नाही. मग पर्याय तुम्हीच सुचवा: जादा गाद्या, हीटर, काशिकिरी स्नानाची एक फुकट वेळ. फोटो काढून ठेवा, संकेतस्थळावरून बुकिंग केलं असेल तर त्याच रात्री तिथेही लिहा. रागाने निघून जाऊ नका. आयत्या दिवशी रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम जाते.

पाठवायचा ईमेल

पैसे भरण्याआधी इंग्रजीत किंवा भाषांतर करून जपानीत हे मुद्दे पाठवा. वाक्यं छोटी, प्रत्येक मुद्दा वेगळ्या ओळीवर.

१. तारीख, माणसं, मुलांची वयं, आणि आम्ही किती वाजता पोचू.
२. खोली कुठल्या इमारतीत आहे, बाहेर काय दिसतं, धूम्रपानमुक्त आहे का, शौचालय आत आहे का.
३. सोबत वयस्कर माणसं आहेत. पलंग किंवा खुर्ची मिळेल का, लिफ्ट आहे का.
४. काय खात नाही: मांस, मासे, अंडं, माशाचा रस, जे लागू असेल ते. सोबत ही ओळ जोडा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु.’ म्हणजे मांस, मासे खात नाही आणि माशाचा रसही चालत नाही.
५. काशिकिरी स्नान आहे का, किती येन, आधी राखून ठेवता येईल का.
६. स्टेशनवरून गाडी येते का, शेवटची किती वाजता.
७. कुठल्या दिवशी रद्द केलं तर किती पैसे जातात.

उत्तर ‘शाकाहारी जेवण जमणार नाही’ असं आलं तर नाराज होऊ नका, आभार मानून पुढच्याला लिहा. ज्याने आधीच नाही म्हटलं त्याने तुमचे चाळीस-पन्नास हजार येन वाचवले. सातही मुद्द्यांना एकेक करून उत्तर देणारा र्‍योकान दोन-तीन हजार येन महाग असला तरी तोच घ्या. उत्तरच आलं नाही, किंवा ‘सगळं ठीक होईल’ एवढंच आलं, तर बुकिंग करू नका.